आगापा जाळापाशी आली तेव्हा

"मिकानोर माझ्यासोबत ट्रॅक्टर चालवायचा. त्यानंच मला हे सांगितलं," त्राफिमकाका म्हणाले. विझत आलेल्या जाळाभोवतीची पोरं जवळ सरकली.

दहा वर्षांपूर्वीची कुपालाची, म्हणजे भर उन्हाळ्यातल्या जाळाच्या सणाची रात्र. सहा जुलै. नदीकाठी जाळ पेटला होता. पोरी फुलांची कडी पाण्यात सोडत होत्या, जोड्या हात धरून ज्वाळेवरून उड्या मारत होत्या. दुपारपासून लाकडं रचून दमलेला मिकानोर पाव खात बसला होता. शेजारी गावातली पालाशा येऊन टेकली.

"तुझी आई दिसत नाही रे?"

"गुडघे दुखतात तिचे."

"दुखत असतील. माझी गाय आठ दिवस झाले आटलीय. आज जी बाई जाळापाशी येत नाही तिला गाव काय म्हणतं, ते मी कशाला सांगू?"

बाकीच्या बाया हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माना डोलावल्या. आदल्या वर्षी अशाच एकीला चेटकीण ठरवून तिच्या खिडक्या फोडल्या होत्या. बिचारी गाव सोडून गेली. मिकानोरनं पाव खाली ठेवला आणि आईला आणायला निघाला.

घर पाइनच्या रानापलीकडे. दीड किलोमीटर वाळूची वाट, तिच्यावर दुसरं घर नाही. तो पोचला तेव्हा पावणेबारा झाले होते. घरात दिवा नव्हता. आगापा अंधारात बाकावर बसली होती.

"आई, चल. लोक बोलायला लागलेत."

"बोलू देत."

"पाठीवर घेऊ का?"

"तू हो पुढं. मी येते मागनं." मग म्हणाली, "वळून बघू नकोस. माझं चालणं तुला बघवायचं नाही."

तो निघाला. मागून पावलं. अनवाणी. आधी सावकाश, मग झरझर. गुडघे दुखणारी बाई एवढी भरभर…

"आई?"

तो चालत राहिला.

"आई, दमलीस का?"

पावलं तेवढी येत राहिली. त्यानं वळून पाहिलं नाही.

जाळ दिसला. पालाशा सामोरी आली. "कुठं होतास? तू गेलास आणि तुझी आई आली. उगाच बोलले बाई मी."

आगापा जाळापाशी बसून उकडलेलं अंडं सोलत होती.

मागची पावलं थांबली. तो वळला. अंधार. कुणी नाही.

"कुठल्या वाटेनं आलीस?" त्यानं आईला विचारलं.

"आपल्याच की. दुसरी आहे कुठं?"

मग ती वाटेत भेटायला हवी होती. तो तिच्याजवळ बसला नाही. उजाडेपर्यंत तिच्याकडे बघत उभा राहिला.

"मग काय केलं त्यानं?" पोरांतल्या यान्कानं हळूच विचारलं.

"काय करणार? आई म्हणून घरी नेली. नऊ वर्षं सांभाळली. पण तिच्याकडे पाठ करून कधी झोपला नाही."

"आणि ती पावलं?"

काकांनी काठीनं निखारे सारखे केले.

"उजाडल्यावर, तिला घरी न्यायच्या आधी, तो एकटाच वाटेवर गेला. रात्री नऊच्या सरीनं वाळू सपाट झाली होती. त्याचे बूट घराकडे गेलेले, बूट परत आलेले. परतणाऱ्या बुटांमागं बाईची अनवाणी पावलं. जाळापासून दहा हात अलीकडे ती संपली होती. जाळापाशी बसलेल्या आगापानं त्या रात्री जाड तळाचे बूट घातले होते. तिच्या बुटाचा ठसा… साऱ्या वाटेवर एकही नव्हता."