चौथा घाव

चार नंबरच्या खुर्चीवर माझ्याशिवाय कुणी बसत नाही. मामाच्या गेमिंग कॅफेत हा नियम भिंतीवर लिहिलेला नाही, पण येणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. त्या मंगळवारी शाळेतून तडक तिथे गेले, तर एक मुलगा खुशाल माझ्या खुर्चीत... ओले केस, मांडीवर दप्तर, आणि पडद्यावर त्याचा योद्धा पाचव्यांदा आडवा होत होता.

"ही खुर्ची माझी आहे."

"नाव दिसलं नाही कुठे."

"मामाला विचार."

"अच्छा – म्हणजे भाची ती तूच." तो हसला. डाव्या गालाला खळी. उगाचच.

मी उभ्या उभ्या त्याचे आकडे वाचले आणि मला हसू आवरेना. पठ्ठ्याने सगळे पॉइंट ढालीत ओतले होते.

"अरे कासवा, या गेममध्ये ढाल शंभरातले पंचाहत्तरच घाव अडवते. त्यापुढे कितीही पॉइंट घाल, पालथ्या घड्यावर पाणी. चारातला एक लागणारच. तो सोसायला हेल्थ नको? तुझी बघ, चिमणीएवढी."

मी शेजारी बसून माझी योद्धी उघडली, तसा तो वाकून बघायला लागला.

"आणि हे काय? हेल्थ डोंगराएवढी, ढाल शून्य?"

"मी घाबरत नाही घावांना."

"घाबरू नकोस ना. पण आलेला प्रत्येक घाव खायलाच हवा, असं कुठे लिहिलंय, भाचीबाई?"

मी माझे आकडे नीट वाचले. पहिल्यांदाच.

शनिवारी कॅफेत जोडीची स्पर्धा होती आणि दोघांनाही जोडीदार नव्हता. मामाने न विचारताच आम्हाला एका ओळीत लिहून टाकलं. मग रोज पाच ते सहा, खुर्चीला खुर्ची लावून. मी थोडी हेल्थ काढून ढालीत घातली. त्याचं खरं होतं, मरणं निम्म्यावर आलं. तो मात्र हलेना. पॉइंट बदलायची संधी प्रत्येकाला एकदाच मिळते. फसलं की स्पर्धा गेली.

बोलण्यातही तसाच.

"शाळेत आवडतं का रे कुणी तुला?" मी अगदी सहज विचारलं.

"हो ना. गणिताचे सर."

ढाल. कायम ढाल पुढे.

शुक्रवारी मात्र त्याने माऊस हातात धरून माझ्याकडे पाहिलं.

"नक्की ना?"

"नक्की."

"आणि चुकलं तर?"

"तर शाळाभर सांग, भाचीने बुडवलं."

त्याने वीस पॉइंट ढालीतून काढून हेल्थमध्ये टाकले. आता आकडेमोड पुन्हा पुन्हा तपासत मी बसले.

शनिवारी शेवटचा राक्षस हातोडा घेऊन त्याच्यावरच धावला. ठण – ढालीवर. ठण. ठण. चौथा घाव लागला. त्याची लाल रेघ सरसर घसरली, घसरली... आणि तिळाएवढी उरली. पण उरली. तेवढ्यात मी मागून राक्षसाला संपवलं. मामाने शिट्टी वाजवली, तेव्हा कळलं, माझी बाही त्याने मुठीत घट्ट धरली आहे. त्यालाही तेव्हाच कळलं.

बाहेर तो सायकलचं कुलूप काढत होता. किल्ली लागत नव्हती.

"ऐक," मी म्हणाले. "तू मला आवडतोस. नाही म्हणालास तर लागेल मला, खोटं कशाला बोलू? पण मी आडवी नाही होणार. फक्त विनोद करू नकोस."

त्याचे कान लाल झाले. तोंड उघडलं – आला, आला विनोद – आणि मिटलं. किल्ली त्याने खिशात टाकली.

"चार नंबरची खुर्ची कुणाची..." तो सावकाश म्हणाला, "ते मलाही पाठ होतं. मंगळवारी बसलो तेव्हाच."