तरंगणारी गाठ

"मॅडम, पेशंट पुरुषच आहे ना?" नागपूरच्या जनुक तपासणाऱ्या लॅबमधून फोन होता.

"पोलीस भरतीत निवडला गेलेला गडी आहे," डॉ. अर्पिता म्हणाली. "का?"

"तुम्ही पाठवलेल्या जुन्या गाठीच्या पेशींमध्ये दोन दोन एक्स आहेत. वाय औषधालाही नाही."

अर्पिता सावरून बसली. गाठीतून कधीकधी वाय गळून पडतो, हे तिला ठाऊक होतं. पण जास्तीचा एक्स काय आभाळातून पडणार?

"आणि नवी गाठ?"

"ती पुरुषाचीच. एक्स आणि अठरा नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदललेत. सायनोव्हियल सार्कोमा. कॅन्सरच, शंका नको."

वर्षापूर्वी या पेशंटच्या, रजतच्या मांडीतली गाठ पुसदच्या एका खासगी दवाखान्यात काढली होती. ती यवतमाळला तपासली अर्पितानेच. 'साधी चरबीची गाठ' असं लिहून सही ठोकली होती. आता त्याच जागी गाठ पुन्हा उगवली होती आणि फुप्फुसातही ठिपके दिसत होते. चरबीची गाठ असे रंग बदलत नाही. म्हणूनच तिने दोन्ही नमुने नागपूरला पाठवून एक्स-वायची खूण मुद्दाम मागितली होती.

म्हणजे तेव्हा सही झाली ती कुठल्यातरी बाईच्या गाठीवर! मग त्या बाईच्या नावावर काय गेलं?

शोधायला वेळ लागला नाही. त्याच दवाखान्यातून त्याच दिवशी गाठीचा दुसरा एकच डबा आला होता. पुसदजवळच्या तांड्यावरची बसंतीबाई, दंडातली गाठ, निदान सार्कोमा. सही पुन्हा अर्पिताचीच. नागपुरात बाईच्या दंडाचं मांस खोलवर काढलं, वर किमो दिली. काढलेल्या मांसात रोगाचा कणही सापडला नाही, म्हणून तेव्हा सगळे खूश झाले होते.

अर्पिताने तोही नमुना तपासायला पाठवला. त्यात वाय निघाला.

घोळ आपल्याच टेबलावर झाला असेल का? तिने पुसदच्या सर्जनला फोन लावला.

"घनश्याम, रजतची गाठ आठवते?"

"न आठवायला काय झालं? करडी, मांसल. मी टेबलावरच सिस्टरला म्हणालो, चरबी असती तर डब्यात तरंगली असती, ही तर दगडासारखी बुडाली. पण तुझा रिपोर्ट आला आणि मी गप्प बसलो. वाटलं, माझेच डोळे फुटले."

"तेव्हा तो गुंगीत होता?"

"छे! कमरेत भुलीचं इंजेक्शन दिलं होतं. टक्क जागा होता."

"डबे कोणी आणले?"

"आमची पद्धत तुला माहीत आहे. जो यवतमाळला जाईल तो सगळ्यांचे नेतो. बसंतीबाईचं जाणारं कोणी नव्हतं. पायाला टाके असूनही रजत म्हणाला, मीच नेतो दोन्ही."

"नावाच्या चिठ्ठ्या कुठे लावता?"

"झाकणावर. अजून कुठे लावणार?"

अर्पिताने कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी रजत समोर बसला. वजन उतरलेलं, मधूनमधून खोकला. त्याची दया येत होती, तरी तिने विचारलंच.

"डबा वाटेत उघडला होतास?"

"कायले उघडू मॅडम? दोन्ही पेपरात गुंडाळेल होते."

"दवाखान्यात तुला गाठ दाखवली होती?"

"नाही जी."

"मग ती साधी आहे, असं तुला कशावरून वाटलं?"

"पिवळी होती ना. लोण्यावानी वर तरंगून राह्यलती."

"कोणती?"

रजत खोकायला लागला.

"तुझी गाठ करडी होती, बुडाली होती," अर्पिता म्हणाली. "डॉक्टर बोलले ते तू पडल्या पडल्या ऐकलंस. तरंगत होती ती बसंतीबाईची. पेपर सोडल्याशिवाय ती दिसलीच नसती. तू दोन्ही डबे सोडलेस, आणि नावं झाकणावर आहेत हे तुझ्या लक्षात आलं. बस, झाकणं बदलली की काम झालं!"

"भरतीच्या मेडिकलले रिपोर्ट मागतलता," तो पुटपुटला. "चार वर्षं धावलो मी मॅडम. हे शेवटचं वर्ष होतं. नोकरी लागली की गुपचूप इलाज करू म्हटलं. मंग टाके सुकले, काही दुखे ना. वाटलं, गेलं."

"आणि ती बाई?"

"म्हातारीले तपासतीन आन् सोडून देतीन, असं वाटलं."

"अरे मूर्खा!" अर्पिताचा आवाज चढला. "तुझ्या गाठीला नाव होतं, तिच्यावर इलाज होता. तेव्हा ती मांडीपुरती होती. आता ती छातीत गेलीय. तो इलाज तू दुसरीच्या अंगावर घातलास!"

दारावर टकटक झाली. अर्पितानेच बोलावलेली बसंतीबाई आत आली. उजवा हात अंगाला चिकटलेला, डाव्या हातात पिशवी. रजतला पाहून तिचा चेहरा खुलला.

"अवं, हाच पोरगा! ह्यानंच माह्या डबा आणलता. ह्याच्यापाई टायमावर समजलं, म्हणून जीव वाचला." मग तिला त्याची हालत दिसली. पिशवी ठेवून तिने डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. "तुले भी तेच झालं का रे बेटा? भेऊ नको. मी वाचली, तू भी वाचशीन."

रजतला हुंदका फुटला. "आजी, तुमाले काहीच नव्हतं झालं. तो रोग माह्या होता. झाकणं म्या बदलली."

बसंतीबाईला आधी समजलंच नाही. तिने अर्पिताकडे पाहिलं. अर्पिताने मान हलवली. बाईचा हात पोराच्या डोक्यावरून हळूच खाली आला. गेल्या हंगामात तिला कापसाचं एक बोंडही वेचता आलं नव्हतं.

"मंग मॅडम," ती म्हणाली, "माह्या हात काहून गेला?"