डाव्या कोपऱ्यातला बर्फ

बहरीनमध्ये ऑगस्टात हमद टाउनहून मनामाकडे गाडी चालवायची तर सकाळीसुद्धा स्टिअरिंगवर ओला रुमाल टाकावा लागायचा. मॉलच्या तळघरात गाडी लावून पॅट्रिशिया वरच्या कृत्रिम बर्फाच्या हॉलमध्ये शिरली की आधी चष्म्यावर धुकं जमायचं, मग नाकातले केस ताठ व्हायचे, आणि थोड्या वेळाने काहीच वाटेनासं व्हायचं. हे शेवटचं तिला आवडायचं. वसईहून आल्यावर बरीच वर्षं ती इथल्या एका हॉस्पिटलात, अपघात विभागात नर्स होती. तिथे सगळंच फार वाटायचं. इथे स्कीइंगला येणाऱ्यांची सुरक्षा बघायची, मुरगळलेले पाय बांधायचे, आणि दारं उघडण्याआधी बर्फ तपासायचा.

तपासायची रीत साधी होती. लोखंडी सळी हातात घेऊन उतारावर वरपासून खालपर्यंत चालायचं आणि जागोजागी ती बर्फात खुपसायची. गुडघाभर बर्फ, त्याखाली काँक्रीट. सळी खाली टेकली की ठण्णकन आवाज यायचा. बर्फ कुठे पातळ झाला असेल, कुठे गोठून काचेसारखा झाला असेल, ते त्या आवाजावरून कळायचं.

त्या दिवशी उताराच्या माथ्यावर, डाव्या कोपऱ्यात, आवाज आला नाही.

सळी मुठीपर्यंत आत गेली. पॅट्रिशियाने ती काढली, हातभर बाजूला खुपसली. तेच. तिला वाटलं, रात्री यंत्राने इथे ढीग लावला असणार. पण कोपरा बाकीच्या उताराइतकाच सपाट होता.

बर्फ सारखा करायचं यंत्र पांडुरंग चालवायचा. तो कणकवलीकडचा, अंगाने आडवा, थंडीला कायम शिव्या घालणारा.

"मॅडम, मी काय हयसर ढीग मारूक नाय," तो म्हणाला. त्याने दुसरी सळी आणून पहिलीला तारेने घट्ट बांधली. दोघांनी मिळून ती दाबली. ती आत सरकत गेली, सावकाश, लोण्यात सुरी जावी तशी. तळ लागला नाही.

"ह्याच्या खाली काय आहे?" पॅट्रिशियाने विचारलं.

"पार्किंग."

ते दोघं खाली जाऊन आले. कोपऱ्याच्या बरोबर खाली कुणाची तरी नुकतीच उन्हातून आलेली पांढरी गाडी उभी होती. वरचं छत कोरडं, अखंड. पांडुरंगाने गाडीच्या टपावर हात ठेवला आणि चटका बसून काढून घेतला. जोडलेली सळी जेवढी आत गेली होती, त्या हिशेबाने तिचं टोक त्या टपाला लागायला हवं होतं.

वर येऊन त्यांनी फावड्याने खणलं. वरचा थर रोजचा, यंत्राचा, साबणाच्या भुकटीसारखा. त्याखालचा बर्फ वेगळा होता. जुना, दाबून बसलेला, निळसर, थरावर थर असलेला. त्याला वास होता. ओल्या दगडाचा आणि कुठेतरी लांब जळणाऱ्या लाकडाचा.

पॅट्रिशियाने मॅनेजरला बोलावलं. शैलेंद्र पुण्याचा, बोलताना घड्याळाकडे बघणारा.

"सळी वाकून आडवी जात असेल हो," तो म्हणाला. "आज शाळेची सुट्टीतली बॅच आहे, पालक येऊन बसलेत. तुम्ही तेवढा कोपरा जाळी लावून बंद करा. बाकीचं उघडा."

"सर, आज राहू दे. मला हे बरोबर दिसत नाही."

"म्हणजे नेमकं काय? मला वर सांगावं लागेल ना काहीतरी."

तिने नारिंगी जाळी लावली.

शाळेच्या त्या बॅचमध्ये निकोल होती, पॅट्रिशियाची मुलगी. नववीतली, आईशी मराठीत बोलायला लाजणारी. मुलांना शिकवायला उस्मान होता. तो गुलमर्गचा. लहानपणापासून खऱ्या डोंगरावर स्की केलेला, कमी बोलणारा, आणि रोज दाढी इतकी गुळगुळीत करून येणारा की मुली त्याला हसत. मुलांना लिफ्टच्या खुर्च्यांवर बसवण्याआधी तो पॅट्रिशियाजवळ येऊन उभा राहिला.

"वो जाली क्यों?"

तिने सांगितलं. तो हसला नाही. कोपऱ्याकडे बघत राहिला. "मैं बच्चों को उधर नहीं जाने दूँगा," एवढंच म्हणाला.

दुपारपर्यंत काही झालं नाही. मुलं पडली, उठली, ओरडली. एकाचं नाक फुटलं, पॅट्रिशियाने कापूस लावला. ती उताराच्या पायथ्याशी उभी होती तेव्हा तो आवाज आला.

धप्प.

मोठा नव्हता. जाड गादीवर कुणी बसावं, तसा. पण तो तिला कानांनी ऐकू आला नाही, तळपायांना आला.

माथ्यावर उस्मानने मान वळवली. त्याचा चेहरा तिला इतक्या लांबूनही दिसला. वॉकीटॉकीवर त्याचा आवाज आला, अगदी शांत.

"मॅडम, ये पहाड़ की आवाज है. यहाँ कैसे आयी? सबको बाहर निकालो."

तिने शिट्टी फुंकली. मुलं वळली, घसरत, धडपडत खाली यायला लागली. दारं उघडली गेली. पांडुरंग एकेकाला दंडाला धरून बाहेर ढकलत होता. "यल्ला, यल्ला, चला बाहेर!"

निकोल वरच होती. लिफ्टवरून नुकतीच उतरली होती, जाळीच्या जवळ.

दुसऱ्यांदा धप्प झालं.

कोपऱ्यापासून उताराच्या मध्यापर्यंत एक रेघ उमटली. बारीक, निळी. मग रेघेखालचा सगळा बर्फ हलला. इतक्या छोट्या उतारावर बर्फ असा सरकू शकत नाही, हे पॅट्रिशियाला ठाऊक होतं. तो सरकला.

उस्मान आडवा सुटला. त्याने निकोलला खांद्याने जोरात धक्का दिला, ती रेघेच्या पलीकडे जाऊन पडली. तो पडला नाही. तो उभा होता तसाच खाली गेला, पाण्यात उतरावा तसा.

मग सगळं थांबलं.

निकोल खाली आली तेव्हा रडत नव्हती. "आय कान्ट फील माय फीट, ममा," ती म्हणाली. "इट्स ओके." पॅट्रिशियाने तिला शैलेंद्रच्या हाती दिलं आणि फावडं घेऊन वर धावली.

पांडुरंग, ती, आणि दुकानांतून आलेली चार माणसं खणत होती. बोटं कधीच बधिर झाली होती. मुलगी मेली असती, हे ती मनात म्हणून बघत होती, आणि ते वाक्य कुठे लागत नव्हतं.

वीसेक मिनिटांनी पांडुरंगाच्या फावड्याला कापड लागलं.

उस्मान जिवंत होता.

त्याला दाढी होती.

छातीपर्यंत आलेली, गुंतलेली, तांबूस. केस खांद्यावर. चेहरा उन्हाने काळा पडून सोललेला, फक्त डोळ्यांभोवती गॉगलचे पांढरे गोल. कंपनीचं लाल जाकीट विटून गुलाबी झालं होतं, कोपरावर ते फाटलं होतं, आणि फाटलेलं कुणीतरी जाड दोऱ्याने शिवलं होतं.

पांडुरंग मागे सरला आणि बर्फातच बसला.

पॅट्रिशियाने नाडी पाहिली. मंद, नियमित. उस्मानने डोळे उघडले.

"सब बाहर आ गए?"

"हाँ. सब."

त्याने डोळे मिटले. त्याला बरं वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी तपासणीला माणसं आली. कोपऱ्यातला बर्फ त्यांनी काढला. गुडघाभर होता. खाली काँक्रीट, भेग नसलेलं. शैलेंद्र दाढीबद्दल बोलायला तयार नव्हता. "त्याने महिनाभर केली नसेल," तो म्हणाला. हॉल आठवडाभर बंद राहील, असंही म्हणाला. पांडुरंगाने राजीनामा दिला, कारण दिलं नाही.

दुपारी पॅट्रिशिया हॉस्पिटलात गेली. तिचंच जुनं हॉस्पिटल. वॉर्डची सिस्टर भक्ती तिच्यासोबत काम केलेली, रत्नागिरीची. उस्मान झोपला होता. त्याची दाढी काढली होती, खालची कातडी फिकट, लहान मुलासारखी दिसत होती. त्याचं बहरीनमध्ये कुणी नव्हतं. आईवडील गुलमर्गला, त्यांना पॅट्रिशियानेच सकाळी फोन केला होता. व्हिसाला महिना लागेल, म्हणाले.

ती निघाली तेव्हा भक्ती तिच्यामागून कॉरिडॉरमध्ये आली.

"पॅट, बरं झालं भेटलीस. जरा त्याच्या माणसांशी बोल ना. माझी भाषा कळत नाही त्यांना."

"कुणाच्या?"

"त्याच्या गं. वेटिंगमध्ये बसलेत सकाळपासून. चहा दिला तर नुसता हातात धरून ठेवतात." भक्तीने आवाज खाली आणला. "एवढ्या उन्हातून आलेत तरी लोकरीचे जाड कोट काढत नाहीत. म्हातारी माणसं, बायका, एक तान्हं मूल. मूल रडतसुद्धा नाही. आणि लादी सारखी ओली होतेय, दोनदा पुसून घेतली मी."

पॅट्रिशियाने वेटिंगकडे पाहिलं. वेटिंगच्या दाराची काच आतून गोठून पांढरी झाली होती.

"आणखी किती जण यायचेत, तेही विचार," भक्ती म्हणाली. "खुर्च्या संपल्या."