वाया गेलेलं रीळ

"इंजिनाकडे काय बघतेस? ते सगळेच बघतात. शेवटचा डबा जाईपर्यंत हलायचं नाही!"

लहानपणी सुट्टीच्या दिवशी रेल्वे फाटकाशी नेऊन, माझं बोट घट्ट धरून बाबा सांगायचे. बाबा मालगाडीचे गार्ड. मालाच्या पन्नासेक डब्यांच्या, म्हणजे वाघिणींच्या, मागे, सगळ्यात शेवटच्या छोट्या डब्यात त्यांची ड्युटी.

मोठेपणी एका दुपारी पावसानं गाठलं नसतं, तर मी वाचनालयाच्या सभागृहात शिरलेच नसते. आत अंधार, समोर पांढरा पडदा, आणि दहा-बारा माणसं श्वास रोखून जुनी मालगाडी बघत होती. रेल्वेवेड्या मंडळींच्या एका क्लबनं चाळीस वर्षांपूर्वी हौसेनं टिपलेली. काळं इंजिन धूर सोडत आलं, धडधडत गेलं, चार वाघिणी दिसल्या आणि... कट. लगेच दुसरं इंजिन. टाळ्या!

"आणि शेवट?" मी म्हणाले. माझा आवाज मुळात लहान. पण टाळ्या नेमक्या तेव्हाच थांबल्या होत्या.

प्रोजेक्टरमागून एक डोकं वर आलं. "कुठला शेवट?"

"गाडीचा. गार्डाचा डबा कुठंय?"

"तो कुणी काढत नाही हो. इंजिन गेलं की कॅमेरा बंद. फिल्म वाचवायची असते ना."

"म्हणजे तुमच्या सगळ्या गाड्या अर्ध्याच आहेत."

कुणीतरी हसलं. तो मात्र हसला नाही. माझ्या ओल्या बाहीकडे बघून त्यानं आपला रुमाल पुढे केला. "पुसा. आणि बसा, मला उत्तर सुचेपर्यंत."

त्याचं कॅमेरे दुरुस्तीचं दुकान. शर्टाच्या खिशात कायम एक बारीक चिमटा, म्हणून सगळे त्याला चिमटाच म्हणत. क्लबच्या जुन्या फिल्म त्याच्याच ताब्यात होत्या — एकशे बेचाळीस रिळं. मी त्याला खरं ते सांगून टाकलं. बाबांची नजर मंदावत चाललीय. आणखी सहा महिनेच दिसेल, असं डॉक्टरांनी म्हटलंय. आणि बाबांचा ड्युटीवरचा एकही फोटो नाही. "आमच्याकडे कोण बघतंय," असं ते हसून म्हणतात... पण म्हणतात.

"शनिवारी दुपारी दुकानात या," तो म्हणाला. "शोधू."

मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून पेशी मोजते. बघत बसण्याचा मला कंटाळा नाही. फिल्म जुनी, ठिसूळ. प्रत्येक रीळ आधी पुसायचं, तुटलेलं जोडायचं, मग छोट्या पडद्याच्या यंत्राचा दांडा हळूहळू फिरवायचा. एका दुपारी जेमतेम सात-आठ व्हायची. इंजिन, चार वाघिणी, कट. इंजिन, सहा वाघिणी, कट.

"डोळे दुखत नाहीत तुमचे?"

"तुमचा हात दुखतो का?"

"दुखतो. पण सांगितलं तर तुम्ही घरी जाल."

मी पडद्यावरून नजर काढली नाही. कान मात्र गरम झाले...

रोज संध्याकाळी देवाजवळ मी बाबांसाठी एकच मागायचे. हल्ली त्यात दुसरंही काही मिसळू लागलं होतं, आणि देवासमोरच मला लाज वाटायची.

चार महिने झाले. एकशे एकेचाळीसावं रीळ संपलं, आणि त्यानं खणातून एक डबी काढली.

"एक राहिलंय," तो म्हणाला. "माझ्या मामांचं. डबीवर त्यांनीच लिहिलंय, 'वाया गेलं'. कुणाला दाखवायचं नाही, अशी ताकीद आहे."

मामा म्हणजे क्लबचे अध्यक्ष. त्यानं तिथल्या तिथे फोन लावला.

"माझी शोभा करतोस का रे, गाढवा?" हे मलाही ऐकू आलं. मग त्यानं बाबांचं सांगितलं. पलीकडचा आवाज खाली आला. "...दाखव तिला. पण हसू नका म्हणावं!"

आम्ही हसलो. पोट धरधरून हसलो. दोन इंजिनं जोडलेली मालगाडी बघून मामांचं भान हरपलं होतं. कॅमेरा स्टँडवर तसाच चालू, आणि मामा दोन्ही हात वर करून इंजिनामागे पळत सुटलेले! ते दिसेनासे झाले, तरी वाघिणी जातच राहिल्या. दहा... वीस... चाळीस. आमचं हसू कधी थांबलं, कळलं नाही. दांड्यावरचा त्याचा हात हळू झाला.

शेवटचा डबा. कठड्याशी उभा एक तरुण, हातात हिरवा झेंडा. आईबाबांच्या लग्नाच्या फोटोतला तोच चेहरा!

"थांबवा," मी म्हणाले.  त्यानं दांडा थांबवला.

दुसऱ्या दिवशी तो प्रोजेक्टर घेऊन घरी आला. बाबा खुर्ची ओढून भिंतीला नाक लागेल इतके जवळ बसले. "पुन्हा," म्हणाले. मग पुन्हा. चौथ्यांदा उठून त्यांनी भिंतीवर बोट टेकवलं.

"गळ्यापर्यंत बटणं लावलीयत. झेंडा सरळ. नजर गाडीवर. माझ्याकडे बघायला काळं कुत्रं नव्हतं तिथे, पोरी... तरी सरळ!"

भिंतीवरच्या त्या पोरासारखेच ताठ उभे होते ते. इतके उंच बाबा मी कधी पाहिले नव्हते.

"आणि हा पळणारा वेडा कोण?"

"माझे मामा," तो खाली मान घालून म्हणाला.

"त्यांना सांग, पुढे त्यांच्याजवळून जाताना मी हात केला होता. पठ्ठ्यानं बघितलंच नाही!"

त्याला सोडायला मी जिन्यापर्यंत गेले. प्रोजेक्टर एका हातातून दुसऱ्या हातात घेत तो घुटमळला.

"रिळं संपली. म्हणजे शनिवारी यायला तुम्हाला आता काही कारण नाही."

"नाही."

"एखादं कारण मी बनवलं असतं... पण तुमच्याशी खोटं नाही बोलवत. मला तुम्ही आवडता. काही काम नसताना याल?"

मी सरळ त्याच्याकडे बघितलं. 

"येईन."

"वचन?"

"मी शब्द दिला की पाळते. देवाला विचारा."

"माझी कुठे ओळख आहे त्याच्याशी? तुम्हीच करून द्या."

शनिवारी दुपारी मी केस नीट विंचरले आणि चपला घातल्या.

"आज काय काम काढलंस?" बाबांनी विचारलं.

"काही काम नाही, बाबा," मी म्हणाले. दार हळूच ओढून घेतलं, आणि ताठ मानेनं जिना उतरू लागले.