पाचवी पट्टी

काम तसं अर्ध्या तासाचं होतं. एका जुन्या छापखान्यातून चार कामगार एकाच दिवशी निवृत्त होत होते, त्यांची छोटी फिल्म. बाकावर ओळीने बसलेले चौघे आणि प्रत्येकाच्या खाली नावाची पट्टी. मी संकलक, बावीस वर्षं लोकांच्या छातीखाली नावं चिकटवतोय. त्या दिवशी सहाच्या गाडीने माझी मुलगी शिकायला परगावी निघणार होती. पाचला घरी पोचतो, असा शब्द दिला होता तिला. "बाबा, तुमचे पाच म्हणजे सात," ती म्हणाली होती. म्हणून भर दुपारीच त्या बिनखिडकीच्या खोलीत पंखा लावून बसलो.

आमचं नवं सॉफ्टवेअर अतिशहाणं. चेहरे स्वतःच शोधतं, प्रत्येकाखाली कोरी पट्टी लावतं. आपण फक्त नाव टाइप करायचं. त्याने पाच पट्ट्या लावल्या.

पाचवी बाकाच्या टोकाला, रिकाम्या जागेखाली. पुसली. पुन्हा आली. परत पुसली, परत हजर. "काय कटकट आहे!" मी पडद्यावर ओरडलो. खोलीत छपाईच्या शाईचा वास सुटला होता, ओला, उग्र. शेजारी कुणी काय सांडलंय कोण जाणे, म्हणून दार लावून घेतलं. वास आतच राहिला.

शेवटी फिल्म करणाऱ्या बाईंना फोन लावला.

"बाई, बाकावर किती जण होते?"

"चौघं. का रे?"

"मग टोकाला जागा कशाला सोडलीत? चौकटीची पार वाट लागलीय."

"दहादा सांगितलं सरका म्हणून. सरकेचनात. म्हणे, तिथे त्यांचा एक सोबती बसायचा... मशीनमध्ये सापडून गेला तो."

"नाव काय त्याचं?"

"तेच तर... एकालाही आठवेना."

वर्षानुवर्षं एका बाकावर जेवले आणि नाव आठवत नाही! मला त्या चौघांचाच राग आला.

साडेचार वाजले. पट्टी कोरी राहिली की फिल्म बाहेरच पडेना. 'एक नाव बाकी आहे' एवढंच ते यंत्र घोकत होतं. वैतागून मी तेच केलं, जे आम्ही संकलक पट्टी तपासताना नेहमी करतो. स्वतःचं नाव टाकलं. अक्षरं पारदर्शक करून टाकली, म्हणजे कुणाला दिसायला नकोत. फिल्म निघाली. शाईचा वासही गेला. सुटलो एकदाचा, म्हटलं.

पाठवण्याआधी चालवून पाहिली. चौघे बाकावर ऐसपैस बसले होते, पार टोकापर्यंत. रिकामी जागा उरलीच नव्हती. पण विचार करत बसायला वेळ कुठे होता? फिल्म पाठवली आणि निघालो म्हणून सांगायला घरी फोन केला.

"कोण बोलतंय?" बायकोने विचारलं.

"अगं, मी. निघतोय."

"मी म्हणजे कोण?"

"चेष्टा पुरे हं. मी..." नाव सांगायला तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. जिभेवर नाही, डोक्यातही नाही.

पलीकडे मुलगी हसत होती. "बाबा, आज चक्क वेळेवर! चला ना, गाडी चुकेल..."

"तिला थांबव!" मी किंचाळलो. "अगं, तो मी नव्हे!"

"कुणीतरी आहे, नाव सांगत नाही," बायको कुणाला तरी म्हणाली.

मग एका पुरुषाचा आवाज आला. अगदी हळू, समजुतीचा. "ठेवून दे. आणि त्याला सांग... बाकावर जागा आहे."

फोन बंद झाला. खोलीत पुन्हा शाईचा वास भरत होता. पडद्यावर फिल्म चालूच होती. चौघे एकमेकांना खेटून सरकले होते आणि टोकाला एका माणसापुरती जागा मोकळी होती. शेवटचा म्हातारा ती जागा हाताने थोपटत थेट माझ्याकडे बघत होता.

"ये, बस," तो म्हणाला. "नाव काय म्हणालास रे तुझं?"