लग्नाचं पान

पेणच्या एसटी स्टँडवर रोह्याची गाडी लागली, एकच रेटारेटी झाली आणि आकिबच्या फाईलमधून एक तांबडी पुस्तिका निसटून अक्साच्या चपलेपाशी पडली. तिनं ती उचलली, उजवीकडून उघडली आणि सहज वाचलं, "आकिब... जन्म बंदर अब्बास."

आकिबचा एक पाय गाडीच्या पायरीवर होता, तो तिथंच राहिला. इराणी आईच्या मुलखातली ही जन्म-लग्नाच्या नोंदींची पुस्तिका घेऊन तो तीन दिवस मुंबईत भाषांतरकार शोधत फिरला होता.

"तुमाला फारसी येते?"

"भाषांतराचा सरकारमान्य शिक्का पण हाय माझा. व्हिसाला चालतो," ती म्हणाली. "गाडी सुटेल तुमची."

"सुटू दे."

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. फक्त हा कळसा गालात हसत होता.

अक्साची कामाची खोली काळुरामच्या गणपती कारखान्याच्या माडीवर होती. खाली रंगांचा वास, वर पत्र्यावर पावसाची टपटप. आकिबला कॅनडात नोकरी लागली होती, कागद झाले की तो निघणार होता. नियम असा, की पुस्तिकेचं प्रत्येक पान भाषांतरात यायला हवं. कोरं असेल तर 'नोंद नाही' असं लिहायचं, आणि सगळी पानं झाली की मगच शिक्का. काम दोन दिवसांचं होतं. अक्सानं तीन आठवडे लावले.

आकिबनंही घाई केली नाही. दर शनिवारी तो रोह्याहून यायचा, अम्मीनं केलेला खजुराचा हलवा टेबलावर ठेवायचा आणि तिची बोटं अक्षरांवरून फिरताना बघत बसायचा. आपण कामापेक्षा त्याच्या पावलांची वाट जास्त बघतो, हे अक्साला कधीच कळून चुकलं होतं.

चौथ्या शनिवारी तो हलव्याशिवाय आला.

"सोमवारी कागद द्यायचेत," तो म्हणाला.

राहिलं होतं एकच पान, लग्नाचं. कोरं. अक्सानं कीबोर्डवर हात ठेवले... आणि तसेच ठेवले.

"हे पान पयल्या शनिवारपासून राहिलंय," तो हळूच म्हणाला. "मी बघितलंवतं."

"मग बोललात का नाय?"

"बोललो असतो तर त्याच दिवशी संपलं असतं."

खाली काळुराम मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करत होता. ती सगळ्यात शेवटी करतात.

"लिवलं की शिक्का मारायला लागेल," अक्सा म्हणाली. "आणि शिक्का मारला की तुमी जाल. मला ते नकोय."

"लिवा," आकिब म्हणाला. "आज खरं तेच हाय. पण उद्या त्या पानावर बायकोचं नाव चढलं, तर भाषांतर नव्यानं करायला लागेल ना? तेव्हा तुमच्याकडंच येईन."

अक्सानं 'नोंद नाही' लिहिलं. शिक्का मारला, जरासा तिरका पडला.

"तेव्हा माझा शिक्का चालणार नाय," ती खाली बघत म्हणाली.

"का?"

"आपलंच नाव असलेल्या कागदावर... आपला शिक्का मारता येत नाय."

आकिबला समजायला एक क्षण लागला. मग तो कागद उचलायचंच विसरला.

"मार्चमधे नवरोजला, अम्मीच्या नव्या वर्षाला, सुट्टी काढतो," तो म्हणाला. "अम्मीला घेऊन येतो. तुमच्या अब्बांना सांगून ठेवा... आणि मुंबईतला दुसरा भाषांतरकार आपण दोघं मिळून शोधू."

रोह्याची गाडी त्या दिवशीही सुटली.