खानविलकरांची उणीव

आंबेरी अणुवीज केंद्राच्या नियंत्रणकक्षात दुपारी चार वाजता भिंतीवरच्या पाटीवर दिनानाथ खानविलकरांच्या नावापुढे शून्य उमटलं. छत्तीस वर्षं इमानेइतबारे नोकरी केलेल्या माणसाला निवृत्तीच्या दिवशी मिळालेला हा निरोप होता.

शून्य म्हणजे शून्य रुपये नव्हेत. तळवेतन सगळ्यांनाच मिळे, अगदी काल पदवी घेऊन रुजू झालेल्यालाही. त्याच्यावर किती द्यायचं ते 'उणीवगणक' ठरवी. त्याच्या पोटात केंद्राची हुबेहूब गणिती प्रतिकृती होती, तिला प्रतिकेंद्र म्हणत. गणक तिच्यातून एकेका अभियंत्याला वजा करी, पुढची दहा वर्षं झरझर चालवून पाही, आणि त्या माणसावाचून जेवढं बिघडेल तेवढा त्याचा वाढीव पगार. निवृत्तीच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता जो आकडा असेल त्यावरच निवृत्तिवेतन कायमचं ठरे.

"याला काही अर्थ आहे का, डॉक्टर?" शर्वाणी घाणेकर तावातावाने म्हणाली. ती आता केंद्राची मुख्य अभियंता असली तरी उमेदवारीत पहिला पाना तिने खानविलकरांच्या हातून घेतला होता. "मला तळवेतनाच्या तिप्पट, आणि सरांना शून्य?"

उणीवगणकाचे जनक डॉ. रघुवीर नाडकर्णी शांतपणे म्हणाले, "गणित चोख आहे. पंपाच्या नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेलंय हे खानविलकरसाहेब ओळखतात. पण ते आता तुम्हीही ओळखता, आणखी पाच जण ओळखतात. मग ते नसल्याने बिघडणार काय?"

"त्यांनीच शिकवलं म्हणून ओळखतो ना! म्हणजे शिकवलं हाच गुन्हा."

खिडकीपाशी बसलेले खानविलकर हसले. "आमच्या वेळी सोपं होतं हो. पदवी, नोकरीची वर्षं, अंगावर घेतलेली किरणमात्रा, आणि गावापासून लांब म्हणून दुर्गम भत्ता. पण पगार खरा वाढायचा तो केंद्र चालवायच्या त्या खुर्चीत बसायचा परवाना मिळाल्यावर. दोन दिवस तोंडी परीक्षा, घाम फुटायचा. मी पास झालो तेव्हा कणकवलीहून पाच किलो पेढे आणले होते. आमच्या पाळीने अर्ध्या तासात खोका रिकामा केला! त्याच महिन्यात आखातातून चौपट पगाराचं पत्र आलं."

"मग गेला का नाहीत?" नाडकर्णींनी विचारलं.

"चार उमेदवार माझ्याकडे परवान्याचा अभ्यास करत होते. त्यांना वाऱ्यावर सोडून कसा जाणार?" त्यांनी पाटीकडे पाहिलं. "पैशाचं काय, भागेल कसंतरी. पण शून्य म्हणजे मी नसलो तरी चालतं. ते मात्र लागलं."

शर्वाणीच्या पुढ्यात एक जाड लाल वही होती. ही चूक-वही. ज्याच्या हातून चूक होईल त्याने ती स्वतःच्या अक्षरात लिहायची, खाली सही करायची, आणि लिहिलं म्हणून कुणी त्याला चकार शब्द बोलायचा नाही, असा शिरस्ता खानविलकरांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी पाडला होता. लिहिणाऱ्याला ते स्वतः चहा पाजत. पहिल्याच पानावर त्यांची नोंद होती : 'चार नंबरची झडप समजून पाच नंबरची बंद केली. कारण : घाई.' उणीवगणक ही वही रोज पाच वाजता वाची. आज सकाळी खानविलकरांनी वहीच्या पुठ्ठ्यावरचं आपलं नाव खोडून 'राखणार : शर्वाणी घाणेकर' असं लिहिलं होतं आणि वही तिच्या हवाली केली होती.

"त्यांना आजपासून नको, रुजू झाल्या दिवसापासून वजा करून बघा," शर्वाणी म्हणाली.

"नियमात बसत नाही. गणक पुढचंच पाहतो." पण नाडकर्णींनाही चैन पडेना. "बरं, बघू या."

प्रतिकेंद्र छत्तीस वर्षं मागे गेलं आणि खानविलकरांवाचून चालू लागलं. वीस मिनिटांत छत्तीस वर्षं सरली, पण एक पंप बंद पडला नाही की एक झडप गळली नाही. खानविलकरांचा आकडा शून्याच्याही खाली गेला. ते नसते तर केंद्र अधिक चांगलं चाललं असतं!

खानविलकरांनी आपली पिशवी उचलली. त्यांच्याकडे पाहवेना म्हणून शर्वाणीने नजर पाटीकडे वळवली आणि ती चमकली.

"थांबा! इथे माझंही शून्य आहे. सगळ्यांचंच शून्य आहे."

नाडकर्णी उठून पाटीजवळ गेले. त्यांचा चेहरा उतरला.

"साहेब नाहीत, म्हणून वही नाही," ते सावकाश म्हणाले. "आणि वही नाही, म्हणून बिघाड कसा होतो हे गणकाला ठाऊकच नाही. लिहिलं गेलं नाही ते त्याच्या लेखी घडतच नाही. जिथे काही बिघडूच शकत नाही, तिथे उणीव कुणाची भासणार? शर्वाणीबाई, तुमचा तिप्पट पगार या वहीतून आलाय. सगळ्यांचाच."

"मग बदला सरांचा आकडा!"

"माझ्या हातात नाही. गणक वहीतलं तेवढंच मानतो."

खानविलकरांनी पिशवी खाली ठेवली आणि सवयीने खिशातलं पेन पुढे केलं. "डॉक्टर, चूक झाली ना? मग लिहा. चहा मी सांगतो."

नाडकर्णींनी लिहिलं : 'वही राखणारा माणूस नसेल तर चुका दिसेनाशा होतात, हे गणकाला शिकवायचं राहिलं. कारण : घमेंड.' खाली सही केली. पाचला दहा मिनिटं कमी होती. चहा आला, पण कुणी कपाला हात लावला नाही.

पाच वाजले. गणकाने वही वाचली आणि पाटीवरचे आकडे हलले. खानविलकर : शून्य. त्याखालची ओळ मात्र चढत चढत गेली. शर्वाणी घाणेकर : तळवेतनाच्या नऊपट. उद्यापासून वही राखणारी तीच होती.

"सर, मी सकाळी वही घ्यायलाच नको होती," शर्वाणीला रडू कोसळलं. "संध्याकाळपर्यंत थांबले असते तर हे सगळं तुम्हाला मिळालं असतं."

खानविलकर पाटीसमोर उभे राहिले. चष्मा पुसून त्यांनी तो आकडा पुन्हा वाचला. त्यांचेही डोळे भरून आले होते, पण चेहरा परवाना मिळाल्या दिवसासारखा खुलला होता.

"रडतेस काय? पेढे आण आधी," ते म्हणाले. "छत्तीस वर्षांत माझा पगार एका दिवसात एवढा कधीच वाढला नव्हता."